फिफ्टी, पस्तीस आणि आत्याची खोली

जळगावजवळच्या नशिराबादच्या जुन्या वस्तीतली आमच्या आत्याची खोली दहा बाय बारा फुटांची. वर धाबं, मातीच्या जाड भिंती, एकच खिडकी, तीही बोळाकडे. श्रावणात, नागपंचमीनंतरच्या रविवारी तिथे खानदेशची देवी कानबाई बसते. चौरंग, केळीचे खांब, नाकडोळे लावून दागिने घातलेला नारळ, समोर नैवेद्याचे रोट आणि समया. रात्री बायका गाणी म्हणायला बसतात. त्या रात्री मी कॅननच्या साध्या कॅमेऱ्यावर नवी कोरी पन्नास मिलिमीटरची लेन्स लावून गेलो होतो. सगळ्यांनी तीच घ्यायला सांगितलं होतं. कानबाई आणि तिच्या दोन्ही बाजूंच्या बायका एका चौकटीत घ्यायच्या म्हणून मी मागे सरकत गेलो, सरकत गेलो, आणि पाठ भिंतीजवळच्या धान्याच्या कोठीला लागली. आत्या म्हणाली, "मांगे कुठं चालला रे भाऊ, भिंत हाये तिथं!"

रोजच्या फोटोंसाठी कोणती फास्ट प्राइम (झूम नसलेली, एकाच मापाची लेन्स) घ्यावी, या प्रश्नावर आजवर जे काही वाचलं, ऐकलं आणि पैसे मोजून शिकलो, ते सगळं त्या भिंतीपाशी येऊन थांबतं. सल्ले देणारे एफ-नंबरपासून सुरुवात करतात. माझ्या मते सुरुवात खोलीच्या मापापासून व्हायला हवी.

तरी आधी एफ-नंबरचंच बघू (हा आकडा जितका लहान, तितकं लेन्सचं छिद्र मोठं), कारण 'फास्ट' हा शब्द तिथूनच आला आहे. फास्ट लेन्स स्वतः काही पळत नाही. ती जास्त उजेड आत घेते, त्यामुळे शटर लवकर मिटवता येतं, एवढाच तिचा वेग. कॅमेऱ्यासोबत येणारी १८-५५ची किट लेन्स ५५वर एफ/५.६ला अडते. एफ/१.८ची लेन्स त्याच्या साडेनऊ पट उजेड घेते. आत्याच्या खोलीत दोन एलईडी बल्ब आणि समया. तिथे आयएसओ १६०० ठेवून किटला १/१५ सेकंद लागत असेल, तर एफ/१.८ला १/१५०च्या आसपास पुरतं. पंधराव्या हिश्शात टाळी वाजवणाऱ्या बाईचे हात धूसर होतात, दीडशेव्या हिश्शात बोटं मोजता येतात.

इथे एक गोष्ट मात्र विक्रेते सांगत नाहीत. किट लेन्स १८वर एफ/३.५ उघडते, म्हणजे रुंद टोकाला हा फरक साडेनऊ पटींचा राहत नाही, पावणेचार पटींवर येतो. शिवाय बऱ्याच किट लेन्समध्ये हाताचा थरथराट सांभाळणारी यंत्रणा असते. वस्तू हलत नसेल तर ती यंत्रणा स्वस्त फास्ट प्राइमची बरोबरी करते, कधी पुढेही जाते. माणसं हलत असतील तर मात्र ती निरुपयोगी, कारण ती आपला हात धरते, समोरच्याचा नाही.

हा फरक मला अजिंठ्यात कळला. जळगावहून लेणी साठेक किलोमीटर. आत फ्लॅशला बंदी, दिवे मंद आणि तेच योग्य. मी मोठ्या हौशीने फिफ्टी घेऊन गेलो. पहिल्या लेण्यातल्या पद्मपाणीचा चेहरा छान मिळाला. दुसऱ्या लेण्याचं चित्रित छत मात्र चौकटीत मावेना. शेजारी एक कॉलेजचा मुलगा किट लेन्स १८वर ठेवून, खांबाला खांदा टेकवून, १/८ सेकंदाला आरामात छत टिपत होता. चित्रं हजाराहून जास्त वर्षं एका जागी बसली आहेत, ती हलणार कशाला? अंधार आहे म्हणजे फास्ट लेन्सच हवी, ही माझी समजूत त्या पोराने शब्द न बोलता मोडली.

अजिंठा निघालाच आहे तर थोडं आडवळण. मद्रास लष्करातला रॉबर्ट गिल १८४४ पासून तिथली चित्रं हाताने उतरवत होता. पुढे त्याने कॅमेरा उचलला आणि त्याच्या फोटोंची पुस्तकं १८६४ साली लंडनला निघाली. त्याने हाताने केलेल्या बहुतेक नकला १८६६ साली क्रिस्टल पॅलेसच्या आगीत जळाल्या. गिल १८७९ साली वारला आणि त्याची कबर भुसावळला आहे, आमच्या गावापासून पंधरा-सोळा किलोमीटरवर. तेव्हाच्या काचेच्या ओल्या प्लेटांना इतका उजेड लागे की लेण्यांची शिल्पं आणि दर्शनी भाग फोटोत येत, पण आतली काळोखातली रंगचित्रं त्याला मुख्यतः कुंचल्यानेच उतरवावी लागली. फास्ट लेन्सची गरज काय असते, ते आमच्या भागात पहिल्यांदा कळलं असेल तर या माणसाला.

तशी लेन्स तेव्हा युरोपात नव्हती असं नाही. व्हिएन्नातल्या जोसेफ पेट्झवाल या गणितज्ञाने १८४० साली एफ/३.६च्या आसपासची लेन्स आकडेमोड करून काढली, ती चेहऱ्याच्या फोटोंसाठी. त्यामुळे गिऱ्हाइकाला खुर्चीत न हलता बसायचा वेळ पुष्कळ कमी झाला. तिच्या कडा मात्र धूसर आणि गरगरत्या येत. गंमत अशी की आज तीच गरगर हौसेने विकत घेतली जाते.

आता मूळ मुद्दा. रोजच्या फोटोसाठी 'फिफ्टी'च का सांगतात? कारण तो सल्ला फिल्मच्या काळचा आहे. १९२५च्या लायका कॅमेऱ्यावर पन्नासची लेन्स होती, फिल्मवरची चौकट ३६ मिलिमीटर रुंद. पुढे फ्रेंच छायाचित्रकार कार्तिए-ब्रेसाँने जन्मभर मुख्यतः तीच वापरली. आपल्याकडच्या स्टुडिओत दिसणारे पेंटॅक्स, यशिका हेही बहुतेक पन्नास लावूनच यायचे. त्या रुंदीवर पन्नास ही साधी, सरळ नजरेची लेन्स होती. पुढे डिजिटल आलं, आणि सामान्य माणसाला परवडणाऱ्या कॅमेऱ्यातला सेन्सर आखडला. कॅननचा २२.३ मिलिमीटर रुंद, निकॉन, सोनी, फुजीचा साडेतेवीस. लेन्स तीच, सल्ला तोच, पण खिडकी लहान झाली. कॅननवर पन्नासची नजर ऐंशीसारखी होते, निकॉनवर पंच्याहत्तरसारखी. ही चेहऱ्याच्या फोटोची लेन्स झाली. चांगली आहे, पण रोजची नव्हे.

याचा हिशेब घरी बसून करता येतो, दुकानात जायची गरज नाही. सेन्सरच्या रुंदीला लेन्सच्या मिलिमीटरने भागा आणि समोरच्या अंतराने गुणा, तेवढी रुंदी चौकटीत येते. आत्याच्या खोलीतले बारा फूट घेतले, तर दोन फूट चौरंगात गेले, दोन फूट माझ्या अंगात आणि कोठीत. उरले आठ, म्हणजे २.४ मीटर. कॅननवर पन्नास लावली तर तिथून साडेतीन फूट रुंदी मिळते. कानबाई आणि एका बाईचा खांदा. निकॉनवर पस्तीस लावली तर सव्वापाच फूट. कॅननवर चोवीस लावली तर सव्वासात फूट, म्हणजे दोन्ही बाजूंच्या बायका, समया, रोट, सगळं. मोठ्या सेन्सरच्या कॅमेऱ्यावर पन्नास लावली तर पावणेसहा फूट. जुन्या लोकांचा सल्ला खोटा नव्हता, ते वेगळ्या कॅमेऱ्याबद्दल बोलत होते.

उभ्या माणसाचंही तसंच. डोक्यावर-पायाखाली थोडी जागा सोडून माणूस पुरता घ्यायचा, तर कॅनन आडवा न धरता उभा धरूनही पन्नासला तेरा फूट मागे जावं लागतं. पस्तीसला निकॉनवर नऊ फूट, चोवीसला कॅननवर साडेसहा. आमच्याकडच्या किती घरांत तेरा फूट मोकळे आहेत? ओट्यावरून रस्त्यापलीकडे जावं तर मधून बैलगाडी नाहीतर केळीचा टेम्पो जातो.

पन्नासच्या बाजूने एकच भक्कम गोष्ट आहे, आणि ती म्हणजे किंमत. ती स्वस्त का, याला कारण आहे. झाइस कंपनीच्या पॉल रुडॉल्फने १८९६ साली प्लानार नावाची रचना केली, मधल्या छिद्राच्या दोन्ही बाजूंना जवळजवळ सारखी भिंगं. एका बाजूचा दोष दुसरी बाजू खाते, त्यामुळे थोड्या भिंगांत बरंच काम होतं. कॅननच्या स्वस्त पन्नासमध्ये सहाच भिंगं आहेत. चोवीस किंवा पस्तीस बनवताना जुन्या आरशाच्या (एसएलआर) कॅमेऱ्यात आरशाला जागा सोडावी लागे, म्हणून पुढे जास्तीची भिंगं बसवून किरण मागे ढकलावे लागत. तिथे खर्च वाढतो. तर 'फिफ्टी घ्या' या सल्ल्यामागे निम्मं कारण नजरेचं आहे आणि निम्मं कारखान्याचं.

कोणती घ्यावी, ते कॅमेऱ्याच्या तोंडावर, म्हणजे माउंटवर ठरतं. निकॉनचा लहान सेन्सरचा आरशाचा कॅमेरा असेल तर प्रश्न मिटला: ३५ एफ/१.८जी, २००९ साली आलेली, दोनशे ग्रॅमची, एका फुटापासून फोकस होणारी. इतका सरळ सल्ला या लेखात दुसरा नाही. फक्त जुनी ५० एफ/१.८डी स्वस्तात मिळते म्हणून घेऊ नका. तिच्यात मोटर नाही, आणि डी३००० किंवा डी५०००च्या मालिकेतल्या कॅमेऱ्यांच्या अंगातही नाही, त्यामुळे फोकस हाताने फिरवत बसावं लागतं. नव्या झेड कॅमेऱ्याला निकॉनचा अ‍ॅडॉप्टर लावूनही ती मोटर येत नाही. झेडच्या लहान सेन्सरला २४ एफ/१.७ आहे, २०२३ची, १३५ ग्रॅम. मला खोलीतल्या कामाला तीच जास्त आवडते.

कॅननवाल्यांची मात्र कुचंबणा. आरशाच्या लहान सेन्सरसाठी स्वस्त आणि फास्ट पस्तीस कॅननने दिलीच नाही. २०१४ची २४ एफ/२.८ आहे, सव्वाशे ग्रॅमची, चपटी, खिशात मावणारी. मी शेवटी तीच घेतली. पण फास्ट म्हणताना जीभ अडखळते. किट लेन्स चोवीसवर एफ/४ देते, म्हणजे कमाई फक्त दुप्पट उजेडाची, आणि थरथर सांभाळणारी यंत्रणा गेली ती वेगळी. रुंदी हवी की उजेड, अशी ती निवड आहे. मी रुंदी निवडली आणि आयएसओ ३२००चे दाणे सोसले. दाणे छापताना फारसे दिसत नाहीत, अर्धवट कापलेली काकू मात्र जन्मभर दिसते. कॅननच्या आरएफ माउंटच्या नव्या, लहान सेन्सरच्या कॅमेऱ्यांवर आता सिग्माची ३० एफ/१.४ मिळते, तिथे हा पेच सुटतो. हीच लेन्स सोनीवाल्यांकडे २०१६ पासून आहे. फुजीवाल्यांना २३ आणि ३५ दोन्ही एफ/२ मध्ये उपलब्ध, दोन्ही बऱ्या. त्यांची फिकीर करायला नको.

फिफ्टीच घ्यायची ठरली, तर कॅननची २०१५ची एसटीएम घ्या, तिच्याआधीची १९९०ची नको. जुनीचं बूड प्लॅस्टिकचं, पाती पाच. मागे समया असल्या आणि छिद्र जरा बारीक केलं की प्रत्येक ज्योत पंचकोनी दिसते. नवीला सात पाती, धातूचं बूड, आणि ती ३५ सेंटिमीटरपर्यंत जवळ जाते, जुनी ४५लाच थांबते. ताटातली कळण्याची भाकरी आणि भरीत टिपायला हे दहा सेंटिमीटर कामी येतात.

भरितावरून आठवलं. थंडीत शेतात भरीत पार्टी होते. तुरीच्या काड्यांवर, पळाट्यांवर वांगी भाजतात, बडगीत ठेचतात, आणि सात-आठ जण गोल करून बसतात. अंधारून आलेलं असतं. फास्ट लेन्सवाला हिरो व्हायला येतो आणि एफ/१.८ला सगळ्यांचा फोटो काढतो. घरी येऊन बघतो तर एकाचाच चेहरा टोकदार, उरलेले सहा जण धुक्यात. दीड मीटरवर, लहान सेन्सरवर, पन्नास एफ/१.८ला फोकसची जाडी साडेसहा सेंटिमीटर. नाकाच्या शेंड्यापासून कानापर्यंतही पुरत नाही. २.४ मीटरवर ती सोळा सेंटिमीटर होते, आणि तेवढ्याच अंतरावरून पस्तीसला चौतीस. खोलीतल्या माणसांसाठी पस्तीस मला का बरी वाटते, त्याचं हे दुसरं कारण. मागचं धूसर करण्याचा मोह सगळ्यांना असतो, मलाही होता. पण घरच्या फोटोत मागचंच तर बघायचं असतं: देव्हारा, भिंतीवरचं कॅलेंडर, दारात उभा राहून डोकावणारा शेजारचा पोरगा. ते पुसून टाकलं तर तो फोटो जळगावचा, पुण्याचा की परदेशातला, काही फरक पडत नाही. घोळक्याला एफ/४वर या आणि शटरची किंमत मोजा. फास्ट लेन्स सदैव उघडी ठेवली पाहिजे असं कुठे लिहिलेलं नाही.

याची दुसरी बाजू खानदेशातच आहे. चाळीसगावचे केकी मूस (१९१२-१९८९) यांनी घराबाहेर जवळजवळ न पडता टेबलावर दुनिया उभी केली. रोजच्या वापरातल्या वस्तू मांडून, उजेड वळवून केलेले त्यांचे टेबलटॉप फोटो नावाजले गेले, आणि स्टेशनजवळचं त्यांचं घर आज कलादालन आहे. जाऊन या. मांडणी हलत नाही, उजेड आपल्या हातात, आणि पुढची-मागची वस्तू दोन्ही टोकदार हव्यात. तिथे एफ/१.८ काय करायचंय? छिद्र बारीक करा, कॅमेरा तिकाटण्यावर ठेवा, वेळ लागला तर लागू द्या. आपले रोजचे फोटो जर टेबलावरचे असतील, पदार्थांचे, विकायच्या वस्तूंचे, तर फास्ट प्राइमचे पैसे एका दिव्यात आणि तिकाटण्यात घाला.

एलईडीबद्दल दोन शब्द, कारण यावर कोणी बोलत नाही आणि लेन्सला मात्र दोष देतात. आपली वीज ५० हर्ट्झची, म्हणजे साधा एलईडी बल्ब सेकंदाला शंभर वेळा लुकलुकतो. फास्ट लेन्समुळे शटर १/५००ला नेता येतं या आनंदात आपण नेतो, आणि एक फोटो पिवळट, दुसरा काळपट, तिसऱ्यावर आडवे पट्टे. १/१०० किंवा १/५०वर ठेवा, बहुतेक त्रास जातो. म्हणजे घरातल्या उजेडात फास्ट लेन्सचा वेग पुरता वापरताच येत नाही. मिळालेला जादा उजेड आयएसओ खाली आणण्यात घाला.

बाहेर उलटीच तऱ्हा. मे महिन्यात जळगावचं ऊन पंचेचाळीसला टेकतं. भर उन्हात आयएसओ १०० ठेवून एफ/१.८ वापरायचं तर जवळजवळ १/८००० सेकंदाचं शटर लागतं. साध्या कॅमेऱ्यांची धाव १/४०००पर्यंत. फोटो पांढराफटक. मग एकतर काळी एनडी काच लावा, नाहीतर केळीच्या बागेत शिरा. बागेतला हिरवा, गाळीव उजेड ही फास्ट लेन्ससाठी या भागात मिळणारी सगळ्यात सुंदर जागा आहे. फक्त चेहऱ्यांवर हिरवट झाक येते, ती नंतर काढावी लागते.

एफ/१.४ आणि एफ/१.२चा हव्यास? एफ/१.८वरून १.४वर गेलं की उजेड दीडपटीहून थोडा जास्त वाढतो. वजन आणि किंमत मात्र बऱ्याचदा दुपटी-तिपटीने. दिग्दर्शक स्टॅन्ली कुब्रिकने 'बॅरी लिंडन' या १९७५च्या सिनेमात मेणबत्तीच्या उजेडातली दृश्यं झाइसच्या एफ/०.७ लेन्सने टिपली होती. त्याच्या नटांना जवळजवळ न हलता बसावं लागे. आमच्या कानबाईच्या बायका बसतील का? सिग्माची १.४ नेमकी स्वस्त आहे म्हणून ती वेगळी. बाकी रोजच्या कामाला एफ/२ भरपूर.

जुनी लेन्स घेणार असाल तर मोबाइलची बॅटरी मागून मारून आत बघा. जाळ्यासारखं काही दिसलं तर बुरशी, सोडून द्या. आपल्याकडची हवा कोकणापेक्षा कोरडी, म्हणून बुरशी कमी, पण धूळ आणि कापसाचे तंतू फार. महामार्गाच्या कडेला लेन्स बदलण्याचा पराक्रम मी एकदाच केला. पाती तेलकट दिसली तर तीही नको. आणि मोबाइलवर एफ/१.८ लिहिलेलं बघून 'माझ्याकडे फास्ट लेन्स आहेच' असं म्हणणाऱ्यांनी एवढंच लक्षात घ्यावं, की त्याचा सेन्सर नखाएवढा. एफ-नंबर खरा, पण एकूण गोळा होणारा उजेड थोडा. बाकीची भर तो अनेक फोटो एकावर एक रचून घालतो. बसलेल्या माणसाचा उत्तम काढतो. झोक्यावरच्या पोरीचा काढून बघा, आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला.

त्या पहिल्या वर्षी फिफ्टीने काढलेला एक फोटो मी आत्याला मोठा करून दिला होता. तिचाच चेहरा, समईचा उजेड गालावर, मागे सगळं लोण्यासारखं विरघळलेलं. लोकांनी तोंडभर कौतुक केलं. आत्याने चष्मा लावला, फोटो खिडकीशी नेला आणि विचारलं, "रोट कुठं हायेत?" पुढच्या श्रावणात चोवीसने काढलेला दिला. त्यात दाणे आहेत, कोपऱ्यात लोखंडी कपाटाची कड आहे, एका काकूचे डोळे मिटले आहेत. तो तिने देव्हाऱ्याशेजारी लावलाय. फिफ्टी मी विकली नाही, ओट्यावर संध्याकाळी चेहऱ्यांसाठी वापरतो. यंदा आत्या म्हणते, कोठी मागच्या खोलीत हलवणार आहे. म्हणजे आणखी दीड फूट मिळेल.